जिन्याखालची बॅटरी

"काकू, एका वेळी पंखे किती चालवणार?" इकबालभाईंनी विचारलं.

"मी एकटी बाई. एका वेळी किती पंख्यांखाली बसणार?"

"तसं नव्हं, पाव्हणेरावळे आले तर?"

"आले तर एका पंख्याखाली दाटीवाटीनं बसतील. आमच्या बार्शीत माणसं अशीच बसतात."

इकबालभाई हसले. श्रीनू मात्र हसला नाही. माझा हा एकुलता एक मुलगा लहानपणापासून हिशेबी. पुण्याला मोठ्या कंपनीत आहे, वाकडला अकराव्या मजल्यावर राहतो. त्या दिवशी तो इन्व्हर्टरच्या दुकानात मुलगी बघायला आल्यासारखा बसला होता. एकेका बॅटरीला उलटसुलट प्रश्न विचारत होता. वजन किती, वॉरंटी किती, चार्ज व्हायला वेळ किती लागतो.

आम्ही तिथं का गेलो होतो ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आदल्या उन्हाळ्यात आमच्या घाण्याच्या बोळातली डीपी जळाली आणि दोन दिवस लाइट नव्हती. बार्शीचा मे महिना म्हणजे तवाच. मला न्हाणीत भोवळ आली आणि मी पडले. दवाखाना झाला, सलाइन झालं, श्रीनू रात्रीची गाडी पकडून धावत आला. तेव्हापासून त्यानं एकच धोशा लावला होता. "आई, आता पुरे. पुण्याला चल. आमच्या सोसायटीत लाइट गेलेली कळतसुद्धा नाही." मी प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढून पुढं ढकलत होते. लोणचं घालायचंय, पितृपक्ष येतोय, संक्रांत होऊ दे. शेवटी गुढीपाडवा झाला आणि तो दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊनच दारात उभा राहिला. मी म्हटलं, "लाइटचीच अडचण आहे ना? मग इन्व्हर्टर बसवते. तू निवड, मी नाही म्हणणार नाही."

आणि दुकानात जाऊन पहिल्याच झटक्याला नाही म्हटलं.

झालं असं, की श्रीनूनं एक पांढरी, चपटी, भिंतीला लावायची बॅटरी पसंत केली. लिथियमची. देखणी होती, नाही कशाला म्हणू! वर काचेचा पडदा, त्यात निळे आकडे. "आणि हे बघ आई," तो मोबाइल पुढं करत म्हणाला, "ही फोनला जोडता येते. मला पुण्यात बसून सगळं दिसेल. लाइट कधी गेली, चार्ज किती उरलाय, घरात किती वीज चाललीय."

"म्हणजे मी पंखा कधी लावला नि कधी बंद केला, ते तुला तिकडं दिसणार?"

"एका अर्थी, हो."

"दुपारी झोपले की नाही, तेही?"

"आई, काळजीपोटी गं."

"काळजीपोटीच. पण उंटावरून शेळ्या हाकायची ही नवी सोय मला नको. मी काय शेळी आहे?"

इकबालभाईंनी तोंडाला रुमाल लावला. मग त्यांनी कोपऱ्यातली दुसरी दाखवली. काळी, उंच, बोजड, लोणच्याच्या बरणीची थोरली बहीण म्हणावी अशी. "ही आपली साधी ट्यूबलर. फोनबिन काही नाही. चालायला दणकट. फक्त दोनतीन महिन्यांनी पाणी मागती. बाटलीत मिळतं ते डिस्टिल वॉटर. ही वरची खूण खाली गेली की समजायचं, तहान लागली."

"पाणी मागते?"

"मागती की."

"मग हीच द्या. घरात माझ्याकडे काही मागणारं आता कुणी उरलेलं नाही."

मी हे अगदी सहज बोलून गेले. पण श्रीनूनं मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "ठीक आहे. तुझी बॅटरी, तुझी निवड. पण मग माझी पण एक अट. मी आठवडाभर इथूनच काम करतो. माझ्यासमोर एकदा लाइट जाऊ दे. या बॅटरीवर तू नीट निभावलंस, पंखा चालू राहिला, तर मी परत पुण्याचं नाव काढणार नाही. आणि नाही निभावलं, तर बॅगा भरायच्या. वाद घालायचा नाही, रडायचं नाही, लोणचं-बिणचं काढायचं नाही."

"कबूल," मी म्हटलं. बोलायला काय जातंय? आमच्याकडं लाइट गेली की तासा-दोन तासांनी येते. एवढ्याला माझी काळी बरणी पुरून उरणार होती.

निघताना इकबालभाई बोट नाचवत बजावून म्हणाले, "काकू, एवढं लक्षात ठेवा. इस्त्री, पाण्याची मोटर आणि मिक्सर. या तिघांना हिच्या वाटेला जाऊ द्यायचं नाही."

"मी कशाला जाऊ देतेय!"

बॅटरी जिन्याखाली बसली. सोप्यातला पंखा आणि बल्ब, आतल्या खोलीचा पंखा, स्वयंपाकघरातला बल्ब आणि सोप्यातलं एक सॉकेट एवढं तिच्यावर जोडलं. सॉकेट श्रीनूच्या लॅपटॉपसाठी. मी तिला हळदीकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि मनातल्या मनात म्हटलं, बाई, माझी अब्रू तुझ्या हातात आहे. मला तिथून जायचं नव्हतं हो. का जायचं नव्हतं, ते मात्र मला धड सांगता येत नव्हतं. श्रीनू विचारायचा, "तुझं इथं आहे तरी काय?" आणि मी आपली उगाच भिंतींकडं बघायची. हे जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. नात्यातलं गावात कुणी नाही. उत्तर कुठून आणू?

तीन-चार दिवस लाइटनं काही हू का चू केलं नाही. एरवी रोज जाणारी बया, परीक्षा म्हटल्यावर ठाण मांडून बसली. आणि गेली ती नेमकी शेजारच्या मालनच्या हळदीकुंकवाच्या दिवशी.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्या बोळात आजही दणक्यात होतं. महिनाभर गौर माहेरपणाला येऊन झोपाळ्यात बसते, आणि त्या महिन्यात एकेक घर एकेक संध्याकाळ धरतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी. त्या दिवशी मालन शेटेची पाळी होती. मालन म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, दणदणीत आवाजाची, दणदणीत मनाची. तिनं सगळा बोळ आणि वर तेलगिरणीच्या पलीकडच्या बायकासुद्धा बोलावल्या होत्या. मोठं पातेलं भरून हरभऱ्याची डाळ आदल्या रात्रीच भिजत घातली होती. सकाळी बोळाच्या तोंडाशी धाडकन आवाज झाला आणि सगळ्या घरांतले पंखे एकदम थांबले.

माझा तेवढा फिरत राहिला. श्रीनू आतल्या खोलीत कानाला ते यंत्र लावून मीटिंगमध्ये बोलत होता. त्यानं वर पंख्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि भुवया उडवल्या. पोरगं खूश झालं होतं की नाराज, ते कळेना. मी आपली ताठ मानेनं भाजी निवडत बसले.

एवढ्यात मालन पातेलं घेऊन दारात.

"काकू, मेले ओ मी! डीपीच गेलीय म्हणं. लाइनमन म्हणतोय तीन वाजतील. तीनला लाइट आल्यावर डाळ कवा वाटू, फोडणी कवा घालू? आन् या उकाड्यात भिजलेली डाळ तीनपर्यंत राहती होय? आत्ताच आंबूस वास मारायलीय. तुमच्यात लाइट हाय. एवढी वाटून घेऊ का?"

पाटा-वरवंटा तिच्याकडं नव्हता, बोळात कुणाकडंच नव्हता. माझा केव्हाच अंगणात पालथा पडून तुळशीची पायरी झाला होता. आणि इकबालभाईंचं बोट माझ्या डोळ्यांपुढं नाचत होतं. मिक्सर नाही, मिक्सर नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. पण इथं नुसती भीड नव्हती. आदल्या वर्षी मी न्हाणीत पडले, तेव्हा हाका मारून मारून दार उघडेना म्हणून याच मालननं पहार आणून कडी उचकटली होती. मला पाठुंगळी घेऊन बोळाच्या तोंडापर्यंत नेलं होतं आणि रिक्षात घातलं होतं. तिला मी म्हणू, बाई, माझ्या बॅटरीला मिक्सर चालत नाही?

"ये," मी म्हटलं. "आण तुझा मिक्सर. पण थोडी थोडी वाट."

सोप्यात जमिनीवर मिक्सर मांडला. मालननं पहिलं भांडं भरलं, बटण फिरवलं. मिक्सर घर्रर्र करून सुरू झाला आणि त्याच क्षणी जिन्याखालून अशी किंकाळी फुटली, जशी मांजराची शेपटी दारात सापडावी. टीं टीं टीं टीं! आणि सगळं बंद. मिक्सर बंद, पंखे बंद.

आतून श्रीनू ओरडला, "आई! काय झालं?"

"काही नाही! तुझं चालू दे!"

मग मालनच्या डोक्यातून निघालं, की आधी पंखे बंद करू, बल्ब बंद करू, म्हणजे मिक्सरला ताकद मिळेल. तसं केलं. इन्व्हर्टरचं बटण दाबून परत चालू केलं आणि काय सांगू, चालला की मिक्सर! एक घाणा निघाला. मग जरा पंखा, मग परत मिक्सर. घामानं आमची लुगडी पाठीला चिकटली, पण डाळ मात्र फर्मास वाटली जात होती. श्रीनूच्या मीटिंगमध्ये कुणी तरी विचारत होतं की तुझ्याकडं बांधकाम चालू आहे का. तो म्हणाला, "हो, जवळच चालू आहे." लेकरू बिचारं, आईसाठी खोटं बोललं.

आणि तुम्हाला आमचा बोळ माहीत नाही. एका घरात मिक्सर फिरला की चार घरांत ऐकू जातो. आधी सोनाराची सून आली, तिच्या बाळाची पेज वाटून पाहिजे होती. मग मालनचीच जाऊ आली, पन्ह्याच्या उकडलेल्या कैऱ्यांचा गर फिरवून घ्यायला. येताना प्रत्येक बाई चार्जर घेऊन येत होती. "काकू, पाचच मिनिटं लावते हं." मिक्सर थांबला की त्या एका सॉकेटवर श्रीनूच्या लॅपटॉपच्या वायरीऐवजी जोड-बोर्ड लागायचा आणि मोबाइल असे लटकायचे, की वाळत घातलेली भेंडीच. मी कुणाला नाही म्हटलं नाही. मनातून घाबरत होते, पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. किती दिवसांत माझा सोपा असा भरला नव्हता.

तीन वाजले, लाइट आली नाही. चार वाजले, नाही. श्रीनू लॅपटॉप बगलेत मारून बाहेर आला. त्याचाही जीव गेला होता, लॅपटॉपचा म्हणते मी. जिन्याखाली वाकून त्यानं बघितलं.

"आई, पिवळा दिवा लागलाय. अर्ध्याच्या खाली आलीय. तू मिक्सर चालवलास हिच्यावर?"

"मी नाही. मालननं चालवला."

"आई!"

"अरे, डाळ नासली असती तिची."

त्यानं कपाळाला हात लावला. "डाळीसाठी तू... तुला आपलं काय ठरलंय ते आठवतंय ना?"

"चांगलं आठवतंय."

"मग?"

मग काय मग? तेवढ्यात मालन परत हजर. या खेपेला हात जोडून. तिच्या घरात खिडकी नाही, माजघरात गौर मांडलेली, पंख्याशिवाय तिथं पन्नास बायका बसणार म्हणजे पन्नास बायका उकडून निघणार. "काकू, गौर तुमच्या सोप्यात आणू का ओ?"

मी दचकलेच. "माझ्याकडं? अगं, काहीतरीच काय?"

का दचकले ते बायकांना सांगायला नको. हे गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नव्हतं. कुणाच्या मनात वाकडं होतं असं नाही. बायका निघून गेल्या की डाळीची वाटी आणि पन्ह्याचा पेला न चुकता घरी यायचा. तशीच पद्धत. मीही कधी दुसरीला वेगळं वागवलं नव्हतं, तर मला कोण वागवणार? पण संध्याकाळी बोळातून बांगड्यांचे आवाज जात असले, की मी रेडिओ जरा मोठा करायची.

"मांडलेली गौर हलवू नये," कुणी तरी म्हणालं.

तेव्हा अंबूकाकू बोलल्या. अंबूकाकू म्हणजे आमच्या बोळाची सासू. ऐंशी पार केलेल्या, तोंडात दात नाही आणि जिभेला हाड नाही. नवरा अजून ओट्यावर बसून खोकतोय. "गौर माहेरी आलीय न्हवं? मग पोरगी माहेरात ह्या घरातनं त्या घरात जात न्हाई होय? आणा तिकडं. आन् जरा घाई करा, मला बसवंना."

झालं. झोपाळा आला, गौर आली, आरास आली. श्रीनू बाजूला उभा राहून बघत होता, तर मालननं त्यालाच कामाला लावलं. "श्रीनूभावजी, उभं काय ऱ्हायलाव? ती सतरंजी घाला की!" हा माझा कंपनीतला साहेब मुकाट्यानं सतरंजी झटकायला लागला. दोन्ही पंखे सोडले, बल्ब लावला. मालननं गौरीपुढं समई लावली, ती पंख्याच्या वाऱ्यानं दोनदा विझली. तेव्हा तिनं समई आत माझ्या देवघरात नेऊन ठेवली. "बल्ब हाय की," म्हणाली.

दिवेलागणीला सोपा गच्च भरला. मी मात्र स्वयंपाकघरातच राहिले. आपण होऊन. पन्ह्याचे पेले भरून दारातून देत होते, श्रीनू ते बायकांपुढं फिरवत होता. मला ते बरं होतं. घर माझं, आवाज माझ्या घरात. याहून पुढं सोप्यात आपण जायचं कशाला, असं मनात आलं आणि मग परत मनात आलं, कदाचित आठवड्याभरात मी पुण्याला असेन.

ओट्या भरायला सुरुवात होणार, तोच जिन्याखालून टीं टीं सुरू झालं. या खेपेला बारीक, थकल्यासारखं. श्रीनूच्या हातात ताट होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. बल्ब लाल झाला, पंखे रेंगाळले, आणि गप्प. काळाकुट्ट अंधार.

हरले मी. दुसरं काय? त्या अंधारात दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि मला रडूच यायला लागलं. आमची बोली झाली होती.

"मोबाइल लावा गं कुणी तरी," मालन म्हणाली.

"खबरदार!" अंबूकाकूंचा आवाज आला. "डोळ्यात घालत्यात मेल्या उजेड. बसा गप जागच्या जागी. मालन, तुझा करंडा दे इकडं. हळदीकुंकू काय उजेडावाचून अडतंय? मी लावती सगळ्यांना."

सोप्यात खसखस पिकली. अंबूकाकू अंधारात चाचपडत निघाल्या. एकेकीच्या खांद्याला, डोक्याला हात लावत, कपाळ सापडलं की हळद, कुंकू. "ही कोण? सोनाराची न्हवं? नाक सांगतंय." पुन्हा हसू. "ही? अगं वर बघ, केसात कुंकू गेलं." असं करत करत त्या ओळीनं पुढं येत होत्या. त्यांच्या बांगड्या वाजत जवळ आल्या. आता वळतील म्हणून मी मागं सरकणार होते, तेवढ्यात एक सुरकुतलेला हात माझ्या गालाला लागला.

"ही कुठली?"

"अंबूकाकू, मी... मी सिंधू."

हात बाजूला झाला नाही.

"कोण का आसंना. मला अंधारात काय दिसतंय? हाताला कपाळ लागलं."

आणि त्यांनी माझ्या कपाळावर आधी हळद लावली, मग कुंकू. सावकाश, चांगलं गोल. मालन माझ्या शेजारीच होती, हे मला तेव्हा कळलं. तिनं माझा पदर धरला आणि ओंजळभर हरभरे त्यात घातले. वर एक आंबा. सोप्यातल्या सगळ्या बायका ऐकत होत्या, मला त्यांचे श्वास ऐकू येत होते. एकीनंही चुक् केलं नाही.

तेवढ्यात जिन्याखालून उजेडाचा झोत आला. श्रीनू बॅटरी बघायला गेला होता, मोबाइल लावून परत येत होता. झोत फिरत फिरत माझ्या तोंडावर आला आणि तिथंच थांबला. तो पाच पावलांवर उभा होता. ओटी भरलेला माझा पदर, माझं कपाळ, माझ्या डोळ्यांतलं पाणी, सगळं त्याला दिसलं.

त्यानं मोबाइल विझवला. परत सगळीकडं अंधार.

"श्रीनूभावजी, पन्हं संपलं की काय?" मालन ओरडली.

"आणतो वहिनी," तो म्हणाला.

पुढं अंधारातच उखाणे झाले, गाणी झाली, अंबूकाकूंनी एक असला चावट उखाणा घेतला की ओट्यावर त्यांचे यजमान खोकायचे थांबले. बायका निघाल्या तेव्हा लाइट आली. मालननं जाताना गौर तिथंच राहू दिली. "आजच्या दिवस झोपू दे तिला हितं," म्हणाली.

मी आणि श्रीनू पायरीवर बसलो. थोडं वारं सुटलं होतं. त्याच्या हातात डाळीची वाटी होती.

"आई, बॅटरी संपली."

"बघितलं मी."

"तू नापास झालीस."

"झाले खरी. बोलल्याप्रमाणं बॅगा भरते. उद्या भरू की परवा?"

त्यानं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. "मालनवहिनींनी मघाशी सांगितलं. पाठुंगळी नेलं तुला. मला तू सांगितलं नव्हतंस."

"तू विचारलं नव्हतंस."

"आमच्याकडं लाइट जातच नाही, आई." तो वाटीत बघत बोलत होता. "पाच वर्षं झाली. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, मला अजून नाव माहीत नाही."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. घामानं शर्ट भिजला होता त्याचा, चक्क शाळेतून आल्यासारखा.

"मी इकबालभाईंना सांगतो," थोड्या वेळानं तो म्हणाला. "हिच्या जोडीला दुसरी बॅटरी बसवू. मोठा इन्व्हर्टर घेऊ, मिक्सरसुद्धा चालेल असा. फोनला-बिनला काही जोडायचं नाही. मग कितीही वेळ लाइट जाऊ दे."

"नको."

"का गं? एवढ्या बायका येणार म्हटल्यावर..."

"मोठी घेतली तर ती संपणार कधी?"

श्रीनू माझ्या कपाळाकडं बघत राहिला. मग उठला, नळावर हात धुतले, वाटी विसळून पालथी घातली. आत जाऊन त्यानं सुनेला फोन लावला. मी पायरीवरच होते, पण मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"नाही, आई येत नाहीये," तो सांगत होता. "नाही गं, बॅटरीला काही झालं नाही. अगदी बरोबर बॅटरी निवडलीय तिनं."